रंभाबाईंचे रविवार

मी योनाचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं तेव्हा तो मेलेला होता. म्हणजे, माझ्या वहीत तरी.

दोन नोव्हेंबर, एकोणीसशे सत्त्याहत्तर. मृतांच्या स्मरणाचा दिवस. तुमसर रोडच्या रेल्वे कॉलनीमागचं आमचं ख्रिस्ती देऊळ धुपानं आणि सकाळच्या धुक्यानं सारखंच भरलं होतं. इंग्रज साहेबांनी हे देऊळ स्वतःसाठी बांधलं होतं. साहेब गेले, पण मिस्सा म्हणजे पवित्र भोजनाची उपासना, धूप, वेदीपुढचा अखंड दिवा हे सगळं आम्ही सोडलं नाही. मंडळी इनमिन बावीस घरांची. फादर आमोस त्याच जूनमध्ये आले होते आणि आल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, की आपण इथले मालक नाही, कारभारी आहोत. जे हाती दिलंय ते नीट सांभाळायचं. म्हणून प्रत्येकाला एकेक सेवा ठरलेली. कुणी घंटा वाजवायची, कुणी दिव्यात तेल घालायचं.

मी सुवार्ता, माझी सेवा वहीची. डाव्या पानावर आजारी आणि बाहेरगावी गेलेले, उजव्या पानावर मृत. दर रविवारी ही वही मिटलेलीच वेदीवर ठेवायची. मोठ्यानं वाचायची वर्षातून एकदाच, तीही फक्त उजवी बाजू. नाव कुणीही द्यावं, कुणाचंही द्यावं. आमच्या देवळात 'तुम्ही कोण' असं विचारायची रीत नव्हती. बुद्धवंदना आटोपून टिकाराम गुरुजी मॅट्रिकला बसलेल्या पोरांची नावं देऊन जायचे. शकुनबाई तर एकदा कपाळभर कुंकू लावून आली आणि आजारी म्हशीचं नाव घाल म्हणाली. मी घातलं. म्हैस बरी झाली, आता बोला.

तर त्या सकाळी मी वाचत होते. "रंभाबाई कवडू." पुढचं नाव, "योना कवडू."

शेवटच्या बाकाशी काहीतरी खाली पडलं. एक माणूस उभा राहिला होता. तिशीचा असेल. पायाशी पत्र्याची पेटी आणि हातातून निसटलेलं लुगड्याचं नवंकोरं पुडकं.

"बाई, मी योना," तो म्हणाला. "मी आहो जिवंत. पण... माय खरंच गेली का?"

मी मान हलवली. आई गेल्याची बातमी त्याला मी दिली, तीही यादीतून, पुढे त्याचंच नाव जोडून.

सगळं नंतर कळलं. अकरा वर्षांपूर्वी तो मॅट्रिक नापास झाला, बापानं चारचौघांत हात उचलला, आणि पोरगा मालगाडीत बसून निघून गेला. आधी रागानं पत्र घातलं नाही, मग शरमेनं. मध्ये बाप वारला. आता भिलाईत एका ठेकेदाराकडे फिटर होता, खोली घेतली होती, आईला न्यायला आला होता. घराला कुलूप दिसलं, घंटा ऐकू आली, म्हणून आई देवळातच असेल असं धरून तो आत येऊन बसला. आणि रंभाबाई मागच्याच्या मागच्या श्रावणात गेलेल्या.

दुपारी मी चहा घेऊन गेले. रंभाबाईंच्या शेजारी राहणाऱ्या जनाबाईंच्या ओसरीवर तो आईची किल्ली हातात धरून बसला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"एका गोष्टीनं जिवाले बरं वाटलं बाई. मायनं मले मेलेला धरलं होतं. म्हणजे वाट पाहत तरी नसंल बसली."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, चहा थंड होऊन राहिला.

खरं काय ते तुम्हांला सांगते, कारण तेव्हा त्याला सांगितलं नाही. बाबांची रेल्वेतली बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हापासून चार वर्षं दर रविवारी रंभाबाई मिस्सेच्या आधी माझ्याकडे यायच्या आणि योनाचं नाव डाव्या पानावर लिहून घ्यायच्या. बाहेरगावी गेलेल्यांत. कॉलनी म्हणायची, पोरगा खाणीत दबून मेला, म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हणून त्या कुणाला कळू न देता यायच्या. त्या गेल्या, वर्षभरानं वही भरली, मी नवी वही केली. योनाचं नाव द्यायला आता कुणीच उरलं नव्हतं. मला वाटलं, एकटं नाव कुठे ठेवायचं? आईशेजारी ठेवलं. ना फादरना विचारलं, ना बाबांना. फार मोठी दया केली असं वाटलं होतं मला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच.

चार दिवसांत जाणारा योना गेला नाही. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये त्याला काम मिळालं, आणि आईची सेवा त्यानं मागून घेतली. वेदीवरची कापडं धुण्याची आणि इस्त्री करण्याची. बायका पदराआड हसल्या. त्या कापडांवर पवित्र भोजनाचे कण, थेंब असतात, म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं असा आमचा नियम. पहिल्याच शनिवारी या गृहस्थानं अख्खी बादली मोरीत रिकामी केली.

मी जी सुरू झाले ती थांबेचना. मग डोळे वर करून तो म्हणाला, "मेलेल्या माणसाले एवढं बोलतात काय?"

मला हसू आलं. त्या दिवसापासून शनिवारची दुपार कधी येते याची मी वाट पाहू लागले... आणि वाट पाहते हे स्वतःला कळू देईना. इस्त्रीतले कोळसे फुंकताना त्याच्या भुवयांवर राख बसायची. कापडाच्या घडीचं एक टोक तो धरायचा, एक मी. घडी घालत घालत दोघं जवळ यायचो, टोकं जुळायची, आणि दर वेळी मी जरा जास्तच घाईनं हात काढून घ्यायचे. त्याला ते कळायचं. तो मुद्दाम सावकाश घडी घालायचा.

पण तो हसला की मला रंभाबाई दिसायच्या. अगदी तसंच, डावा गाल आधी. मग माझं हसू जागच्या जागी मरायचं आणि तो विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, कुठे काय.

डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. शेतात कापलेल्या धानाच्या कडपा भिजत होत्या, सगळ्यांची तोंडं उतरली होती. आम्ही दोघं देवळाच्या पडवीत अडकलो होतो. थंडीनं दात वाजत होते. त्यानं आपला मफलर काढून माझ्या हातात दिला, गळ्यात घालायची हिंमत त्याला झाली नाही.

"माहं नाव आता कोणत्या बाजूले आहे?" त्यानं विचारलं.

"डाव्या. जित्या माणसांत."

"आन तुह्यं?"

"मी लिहिणारी. माहं कायले राहील?"

तो पावसाकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मंग... माह्या शेजारी लिही ना."

माझ्या आयुष्यात इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणाले. मफलरात तोंड लपवून म्हणाले. आणि रात्रंदिवस एकच विचार करत राहिले, की या माणसाला जे बरं वाटतंय ते माझ्या गप्प बसण्यामुळे. सांगितलं तर त्याची आई दुसऱ्यांदा जाईल, आणि माझ्यापासून तो जाईल.

बाबांची संमती मिळाली. जानेवारीत फादर म्हणाले, येत्या रविवारपासून लग्नाची जाहिरात वाचतो. आमच्यात ती तीन रविवार वाचतात, कुणाला हरकत असेल तर त्यानं सांगावं म्हणून. हरकत कुणाला असणार? होती ती मलाच. मी शनिवारी सकाळी फादरसमोर पापकबुलीला गुडघे टेकले आणि सगळं ओकून टाकलं.

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी, चांगल्या हेतूनं केलंस. तेवढंच ऐकायला मी गेले होते, खोटं कशाला बोलू?

"वहीत चुकलीस, त्याची क्षमा तुला देवानं दिली," ते म्हणाले. "पण रंभाबाईंनी चार वर्षं वाट पाहिली, ती वाट त्यांच्या मुलाची आहे, सुवार्ता. त्यांनी ती तुझ्याकडे ठेवायला दिली. तू तिची मालकीण नाहीस."

दुपारी योना कापडांचं पाणी ओतून आईच्या कबरीपाशी बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर रडले असते, आणि त्यानं माझे डोळे पुसले असते, ते मला नको होतं. सांगून झालं तरी तो बोटानं कबरीवरची माती उकरत राहिला.

"शेवटच्या रविवारी आली होती काय?"

"आली होती. अंगात ताप होता. मी म्हटलं, रंभाबाई, तुमी घरीच राहा, मी नाव लिहून घेईन. तर म्हणे, मी सांगतल्याबिगर लिहू नको. मी येईन." मी कबरीकडे पाहिलं. "गुरुवारी गेल्या."

तो उठला. रागावला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बादली नीट उपडी करून ठेवली, आत जाऊन कोरडी कापडं घडी घालून कपाटात ठेवली, आणि संध्याकाळच्या गाडीनं पेटी घेऊन निघून गेला. रविवारी जाहिरात वाचली गेली नाही. कुणी मला काही विचारलं नाही. बावीस घरांची मंडळी, एवढी शहाणी कधीपासून झाली कोण जाणे.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी फादरनी कपाळावर राख लावली आणि माती आहेस, मातीला मिळशील म्हणाले, तेव्हा मला त्यात काही नवीन वाटलं नाही. वेदीवर फुलं नाहीत, गाणी मंद. कापडं मीच धूत होते. घडीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, जमतं तसं. शकुनबाई एकदा येऊन बसली, म्हणाली, पोरी, म्हशीसाठी नाव घातलं, आता स्वतःसाठी घाल. मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, तेच तर.

पत्र आलं नाही. तो पत्र लिहिणाऱ्यांतला नव्हता, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी मनाशी धरून टाकलं की गेला. जे झालं ते माझ्या हातानं झालं, आणि सांगितलं हे बरंच केलं. असं मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, आणि दहाही वेळा ते खोटं वाटायचं. मला तो हवा होता. खरं बोलून पुण्य मिळालं असेल तर ते कुणीतरी घेऊन जावं आणि मला तो परत द्यावा.

उपवासकाळाच्या सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी मी चिंच लावून पितळेची धूपदाणी घासत होते. दारात सावली पडली. पेटी नव्हती त्याच्याजवळ, म्हणून मला कळेना, की राहायला आला की हिशोब चुकता करून जायला. वाळला होता. दाढी वाढली होती.

"बस," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

तो बसला नाही. "मी लय रागात गेलो होतो. तुह्यावर नाही... नाही, तुह्यावरही होता. खोटं काहून बोलू. तू नसतं सांगतलं तर मी सुखात राह्यलो असतो."

"माहीत आहे मले."

"तिकडं खोलीत बसून मायले आठवून पाह्यलं. दिसते ती अकरा वर्षापहिलेची माय. काळ्या केसाची. मले धरून मारणारी." त्यानं चौकटीला हात टेकवला. "म्हातारी माय मले दिसतच नाही, सुवार्ता. केस पांढरे झालते का, काठी घेऊन चालत होती का, मले काहीच माहीत नाही. ती तुह्यापाशी आहे. सारे रविवार तुह्यापाशी आहेत."

मी चिंचेनं माखलेले हात तसेच धरून बसले होते.

"मले दे ते," तो म्हणाला. "रोज एकेक रविवार सांग. लगन कर माह्याशी आन सांग."

"दोनशेच्या वर होतील. सारे नाही आठवत मले."

"जेवढे आठवन तेवढे."

"तुले लय त्रास होईन योना. दर वेळी होईन."

"होऊ दे."

तो आता खाली बसला, माझ्यासमोर, फरशीवर. दुपारचं ऊन वेदीवरच्या जांभळ्या पडद्यांवरून सरकलं होतं. मी पदरानं हात पुसले. कुठून सुरुवात करावी ते मला कळत नव्हतं. मग मला तो पहिला दिवस आठवला, मी नवी होते, आणि एक वाकलेली बाई दारातून आधी आत डोकावली होती, कुणी बघत नाही ना म्हणून.

"केस पांढरे होते," मी म्हणाले. "काठी नव्हती. मले म्हणे, पोरी, तुह्यं अक्षर चांगलं आहे ना? माह्या पोराचं नाव जरा मोठं लिहिजो. देव म्हातारा झाला, बारीक अक्षर त्याले दिसत नसंल."

योना हसला. आधी डावा गाल, मग सगळा चेहरा. आणि हसता हसताच त्यानं तोंड ओंजळीत झाकून घेतलं आणि हमसून हमसून रडू लागला. मी त्याला रडू दिलं. जरा वेळानं त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि दुसरा रविवार सांगायला सुरुवात केली.