गढूळ पाणी मिळेल का?

"ताई, गढूळ पाणी मिळेल का?"

दारात रिकामी बादली घेऊन एक उंच, शिडशिडीत माणूस उभा होता. काळेवाडीत नळ रुसला की शेजारीपाजारी पाणी मागायला यायचेच. पण गढूळ?

"चहाला हवंय का?" मी विचारलं.

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी... लबाड! "मॉडेलसाठी हवंय. मी ज्योतीराम सुतार, मागच्या गल्लीत राहतो. कंपनीत ओतकामाचे लाकडी नमुने करतो आणि शिफ्ट सुटली की जलशुद्धीकरण केंद्र बांधतो."

"घरी?"

"दोन ट्रंकांत मावेल एवढंच! शाळांमधून दाखवायला. पण पवना नदी सध्या इतकी निवळशंख आहे की मॉडेलला कामच उरलं नाही. तुमच्या परसात भिंतीसाठी माती भिजत घातलीय, तिच्यावरचं पाणी दिलंत तर..."

मला हसू आवरेना. आतून आई ओरडली, "प्रभा, आधी प्यायला तरी दे गं त्यांना!"

मी माठातून तांब्या भरून आणला. माठाच्या वर भिंतीला बाबासाहेबांची तसबीर होती. ज्योतीरामनं तिकडे पाहिलं. पुढे आलेला हात मागे गेला.

"नको... राहू द्या."

बस, एवढंच. पण आमच्या घरात त्या 'नको'चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. आजीनं तो जन्मभर ऐकला, आईनं ऐकला, आणि आता एकोणीसशे शहात्तर साली, बी.एस्सी. होऊन मास्तरीण झालेल्या मलाही ऐकावा लागला. मी त्याची बादली भरून दिली आणि दार जरा जोरातच लावलं.

प्रकरण तिथंच संपायचं. पण मी चिंचवडच्या ज्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, चाकणकडच्या गावांत एक मॉडेल दाखवायचं आहे आणि बोलायचं तुम्ही. मॉडेल कुणाचं, ते सांगायला नकोच!

तणतणतच मी त्याच्या खोलीवर गेले, आणि उंबऱ्यातच थांबले. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चार टाक्या पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या होत्या. पहिलीत तुरटी घालायची आणि बोटभर लांबीची लाकडी वल्ही फिरवायची. दुसरीत गाळ बसायचा. तिसरीत वाळूचे थर, चौथीत ब्लीचिंग पावडर. टाक्यांचे सांधे असे जुळवलेले की नख अडकू नये. सगळं सुटं होऊन ट्रंकेत जायचं, आणि शेवटी एवढासा पितळी नळ! त्या हातांचं मला इतकं कौतुक वाटलं की माझा मलाच राग आला.

"छान केलंय, ज्योतीरामभाऊ," मी कोरडेपणानं म्हणाले.

त्यानं कानाला हात लावला. "दारात ताई म्हणालो ते चुकलंच माझं. पण भाऊ एवढं नका म्हणू, बाई."

पुढे रोज संध्याकाळी आमच्या परसात तालीम व्हायची. तो वल्ही फिरवायचा, मी बोलायची. मी अडखळले की तो पुढचा शब्द हळूच सुचवायचा. माझी वेणी टाकीवर झुकली की म्हणायचा, "बाई, गाळात गुलाब पडेल." मी मान वळवून हसायची, त्याला दिसू नये म्हणून. पण पाणी, चहा मी पुन्हा कधी विचारलं नाही. ज्याला माझ्या हातचं पाणी चालत नाही त्याच्यात जीव गुंतवायचा नाही, असं मी मनाला रोज बजावत होते... आणि मन काही ऐकत नव्हतं.

चाकणजवळच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर आमचा पहिला प्रयोग झाला. पोरं, बाया, म्हातारे, सगळा गाव लोटला होता. ओढ्याचं तांबूस पाणी आम्ही पहिल्या टाकीत ओतलं, तुरटी घातली, आणि दुसऱ्या टाकीत गाळ खाली बसायची वाट बघत दोघं शेजारी उभे राहिलो.

"एक विचारू?" तो कुजबुजला. "माझ्यावर राग आहे का?"

"टाकीकडे लक्ष द्या."

"टाकीत गाळ बसतोय. तुमचा राग काही बसत नाही."

"तुरटी कमी पडली असेल," मी म्हणाले.

शेवटी पितळी नळातून लख्ख पाणी आलं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. पुढे बसलेली चिमाबाई नावाची म्हातारी मात्र हलेना. "दिसाया चांगलं हाय. पन तू पी आदी, पोरी."

मी पेला भरला आणि अर्धा प्याले.

"आन् ज्यानं बनीवलं, त्यो?"

अर्धा पेला हातात धरून मी त्याच्याकडे बघितलं. बाकावर स्वच्छ पेले मांडलेले होते. ज्योतीरामनं त्यांतला एकही घेतला नाही. माझ्या हातातला पेला घेतला आणि उरलेलं पाणी घटाघट पिऊन टाकलं.

"आरं, उष्टं हाय त्ये तिचं!" चिमाबाई किंचाळली.

"व्हय," तो म्हणाला. "म्हाईत हाय."

उष्टं खावं आईनं लेकराचं, नाहीतर नवराबायकोनं एकमेकांचं. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. माझे कान तापले.

चाकणच्या स्टँडवर ट्रंकांवर बसून एसटीची वाट पाहताना माझा बांध फुटला. "माझ्या घरचं पाणी चालत नाही, आणि आज माझं उष्टं चाललं?"

तो बघतच राहिला. "तुमच्या घरचं... अहो, मी कुणाच्याच घरचं पीत नाही! लहानपणी गावात पटकी आली, धाकटी बहीण गेली. तेव्हापासून पाणी उकळलेलं लागतं. सख्खी आत्या त्यावरून अजून फुगून बसलीय."

"तसबिरीकडे बघितलंत तुम्ही!"

"माठाकडे बघितलं. त्याच्यावर झाकण नव्हतं!"

"मग तसं सांगायचं!"

"पहिल्यांदा दारात आलेल्या माणसानं तुमचं पाणी चांगलं नाही म्हणायचं?" तो बोलता बोलता थांबला. चेहरा उतरला. "तुम्हाला... तसं वाटलं? इतके दिवस?"

"दुसरं काय वाटणार?"

"माझंच चुकलं. तुमच्या दारात 'नको' म्हणताना मला कळायला हवं होतं."

मी डोळे पुसले. "आणि आजचं?"

"पावडर मीच घातली होती ना." मग अगदी हळू म्हणाला, "नसती घातली तरी प्यालो असतो... प्रभा. माझं फार प्रेम आहे तुमच्यावर."

माझंही होतं. सांगून टाकलं. पण लगेच विचारलं, "आणि तुमच्या आई? त्या पितील?"

तो खोटं बोलला नाही. "माहीत नाही," म्हणाला. "विचारतो."

त्याची आई, चतुराबाई, कराडकडच्या गावी राहायच्या. ऐकून त्या आधी रडल्या, मग चुलीपुढे पाठ करून बसल्या, हे मला नंतर कळलं. एका रविवारी मात्र तो त्यांना घेऊन आमच्याकडे आला. माझ्या आईनं, सरूबाईनं, सकाळपासून पाणी उकळून ठेवलं होतं. चतुराबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, तसबिरीला हात जोडले, पण बसल्या नाहीत.

"सरूबाई, उन्हाचं आलोय. पानी द्या."

आई पातेल्याकडे वळली.

"त्ये ऊन पानी त्येला द्या. मला माठातलं."

"आई, ते उकळलेलं नाही..." ज्योतीराम पुटपुटला.

"गप रं!"

आईनं माठातून तांब्या भरून दिला. चतुराबाईंनी तो वर न धरता सरळ ओठाला लावला. शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या पुन्हा आईपुढे धरला.

"आनखी द्या की वो. लई तहान लागलीया."