भरलेला नकाशा

मुलीच्या दारात आपलं चाकांवरचं घर उभं करून राहायचं तर आमच्यासारख्यांचे काही नियम असतात. वीज तिच्या गॅरेजमधून घ्यायची, पण एसी लावून तिचे फ्यूज उडवायचे नाहीत. आपल्या संडासाची टाकी वाटेतच कुठेतरी रिकामी करून यायचं. आणि ठरल्या दिवशी पोचायचं. बाकीचे नियम मी, म्हणजे वर्ना, आणि माझा नवरा डेल काटेकोर पाळतो. शेवटचा मात्र आम्हाला कधी जमलेला नाही. गंमत म्हणजे शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं सांभाळण्यात माझी अख्खी नोकरी गेली.

ओहायोतलं घर विकून आम्ही मोटरहोममध्ये राहायला लागलो, तेव्हा सगळ्यांना सांगत होतो की आता जोडीला, म्हणजे आमच्या मुलीला, भेटायला केव्हाही जाता येईल. केव्हाही जाता येतं म्हटलं की माणूस आधी दुसरीकडे जातो. आमच्या गाडीच्या दारावर अमेरिकेचा नकाशा आहे. ज्या राज्यात मुक्काम झाला त्याचं रंगीत स्टिकर त्यावर लावायचं, हा आमच्या लोकांत रिवाजच आहे. मोटरहोमच्या तळावर कोणी नवं आलं की आधी दारावरचा नकाशा बघतात, मग नाव विचारतात. आमच्या नकाशात अजून थोडी भोकं होती आणि डेलला ती डोळ्यांत खुपायची.

त्या ऑगस्टमध्ये आमची नात ब्रिन जत्रेत आपलं कोकरू दाखवणार होती. जोडी राहते ते बेल फूश म्हणजे मेंढ्यांचं गाव. स्वतः वाढवलेलं कोकरू घेऊन परीक्षकांपुढे रिंगणात उभं राहणं ही तिथे नऊ वर्षांच्या पोरीसाठी लहान गोष्ट नाही. जोडीने मार्चपासून बजावून ठेवलं होतं. शनिवारी स्पर्धा. गुरुवारी आम्ही यलोस्टोनच्या जंगलातल्या तळावरून निघणार, तेवढ्यात कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं आणि आम्हाला आणखी काही दिवस राहायला जागा मिळाली. त्या जागेसाठी लोक महिनोन्‌महिने टपून बसतात.

"असली जागा पुन्हा नाही मिळायची, वर्ना," डेल म्हणाला.

मी काहीच बोलले नाही, आणि आमच्या संसारात मी काही न बोलणं म्हणजे हो. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. तळाच्या ऑफिसातून फोन करता आला असता. केला नाही.

सोमवारी निघालो. पर्वत उतरून मैदानात आल्यावर फोन जिवंत झाला. जोडीचे संतापाचे निरोप धडाधड येणार म्हणून मी तो मांडीवर पालथा घातला होता. एकच निरोप आला, त्याच दिवशी सकाळचा. 'सावकाश जा. सगळ्यासाठी थँक्यू, आई.'

"टोमणा मारलाय," डेल म्हणाला.

"जोडीला टोमणे जमत नाहीत. ती सरळ बोलणं बंद करते."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि तारेची कुंपणं होती. ऊन कलल्यावर बेल फूशला पोचलो.

जोडीच्या अंगणातली खडी उताराची आहे. तिथे गाडी सपाट उभी करायची म्हणजे चाकांखाली फळ्या घाल, पुढे घे, मागे घे, माझ्यावर खेकस, असा डेलचा ठरलेला कार्यक्रम असतो. त्या दिवशी खडीत दोन ताजी चाकोऱ्या होत्या आणि गाडी त्यांत अलगद बसली. फळ्या लागल्याच नाहीत. गॅरेजच्या खिडकीतून विजेची वायर आधीच बाहेर काढून ठेवलेली होती, आमच्या प्लगला लागतो तो जाडा अडॅप्टर लावून. डेल तो हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. आमचा अडॅप्टर आमच्या पेटीत होता.

जोडी हात पुसत बाहेर आली.

"सकाळीच निघालात ना, काय विसरलात?" ती हसून म्हणाली आणि तिने मला मिठी मारली. नुसती खांद्याला खांदा लावण्यापुरती नाही, अगदी घट्ट. असं तिने लहानपणी केलं होतं, त्यानंतर आठवत नाही.

"जोडी, अगं, आम्हाला फार उशीर..."

"आई, पुरे आता. शनिवारी सगळं बोललीस ना? इतकी रडलीस की मलाच कसंतरी झालं. मी केलंय माफ. तो विषय संपला."

कुठला शनिवार, असं मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण ती माझा हात धरून उभी होती आणि मला तो सुटायला नको होता. चोरी न करता चोरीचा माल हातात आल्यासारखं वाटलं, आणि मी तो ठेवून घेतला. मला माझीच लाज वाटली.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर पहिल्या बक्षिसाची निळी रिबीन लटकत होती. तिच्या शेजारी फोटो. ब्रिन गुडघ्यांवर बसून कोकराची हनुवटी धरून होती. मागे आम्ही दोघं. माझ्या अंगात माझं हिरवं जाकीट. डेलचा हात ब्रिनच्या खांद्यावर होता. डेल कधीच कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. त्या फोटोत तो खूप सुखी दिसत होता.

डेलने फोटो बघितला आणि खुर्चीत बसला. जेवताना त्याने मान वर केली नाही. जावई, ट्रॉय, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल वाढत म्हणाला, "बाबा, परवा तीनदा घेतलंत. आज काय झालं?"

जेवण झाल्यावर ब्रिन गाडीपाशी गेली आणि दारासमोर थांबली. मी तिच्या मागेच होते.

"आजी, तुम्ही स्टिकर का काढलेत?"

"कुठले गं?"

"नकाशा भरलेला होता ना. तूच म्हणालीस, आता बघायचं काही उरलं नाही, आता आम्ही इथेच." तिने रिकाम्या राज्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि बोट मागे घेतलं.

"इथेच म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर ट्रॉयने दिलं. घरामागे तो आम्हाला कौतुकाने घेऊन गेला. मेंढ्यांच्या गोठ्यापलीकडे त्याने आमच्या गाडीसाठी जमीन सपाट केली होती. पाण्याचा नळ आणि विजेचा खांब येईल तिथे खुंट्या ठोकल्या होत्या.

"बाबांनी दाखवली तशीच आखलीय," तो म्हणाला. "हिवाळ्याआधी होईल."

"तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला खरंच वाटेना," जोडी म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले.

त्या रात्री गाडीत डेल पलंगाच्या कडेवर बसून राहिला.

"सांगायचं का तिला?" मी म्हटलं.

"काय सांगणार? की फोटोतली माणसं आम्ही नव्हतो? की आम्ही तळ्याकाठी मासे भाजत होतो?" तो म्हणाला. "उद्यापासून कस्टरच्या अभयारण्यातलं बुकिंग आहे. चारच दिवसांचं. पैसे परत मिळत नाहीत."

मला त्याच्यावर चिडता आलं नाही. मलाही तिथून पळायचंच होतं. ज्या बाईने माझ्या मुलीला रडून जिंकलं, तिच्यासारखं वागणं मला दुसऱ्या दिवशी जमणार नव्हतं, आणि जोडीला ते कळलं असतं.

सकाळी मी तिला कस्टरबद्दल सांगितलं. तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

"तिथे काय आहे?"

"रानम्हशी. आणि बुकिंग केलेलं आहे गं. चारच दिवस, मग येतोच."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. हरवलेली वस्तू परत मिळाली म्हणून घरी आणावी आणि ती दुसऱ्याचीच निघावी, तसं ती बघत होती.

"तू परत पहिल्यासारखी झालीस," ती म्हणाली.

निघताना तिने मिठी मारली नाही.

गाव सुटलं. दोन्हीकडे पुन्हा तेच गवत. डेल स्टिअरिंग घट्ट धरून होता.

मग मला रडू आलं. शनिवारी मी कशी रडले असेन ते मला ठाऊक नाही, पण हे माझं रडणं होतं.

"वळव गाडी," मी म्हटलं. "गेलं ते बुकिंग खड्ड्यात. मी तिला सगळं खरं सांगणार आहे. हाकललं तर हाकललं."

डेलने वेग कमी केला आणि वळायला जागा शोधू लागला. एवढी लांब गाडी कुठेही वळत नाही.

मी जोडीला फोन लावला.

पलीकडे खांब ठोकल्याचा आवाज येत होता. ट्रॉय कुणाला तरी म्हणाला, "जरा डावीकडे घ्या, बाबा." ब्रिन खिदळत होती.

"हॅलो?" जोडीचा आवाज मोकळा होता, हसरा.

"जोडी, आम्ही परत येतोय. मला तुला काही सांगायचंय."



"कोण आहे गं?" मागून एका बाईने विचारलं. फोनवर साठवलेला आपलाच जुना निरोप ऐकताना आवाज जसा परका लागतो, तसा तो मला लागला.

"काय माहीत, आई," जोडी तिला म्हणाली. "कोणीतरी बाई आहेत, रडतायत."

मग ती माझ्याशी बोलली, अगदी हळुवारपणे.

"तुम्हाला कोण हवंय?"