दहापैकी सात

लिफ्ट बंद होती, म्हणून दोघं जिन्यात भेटले. ती लॅपटॉप सावरत चढत होती. तो थर्माकोलचा डबा छातीशी धरून, धापा टाकत.

"जरा धरता? बुटाची नाडी सुटलीय... पडलो तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

डबा गारेगार होता. "आत काय आहे?"

"जिवाणू. झोपलेत."

"मग हळू बोलू?" तिनं खरोखरच आवाज खाली आणला, आणि तो इतका मनापासून हसला की नाडी बांधायची राहूनच गेली.

दहा मिनिटांनी तो बैठकीच्या खोलीत तिच्यासमोरच उभा! जैवतंत्रज्ञानाच्या नवख्या कंपन्यांमध्ये पैसे गुंतवणारी ही तिची फर्म. आणि कोण किती पाण्यात आहे, हे पारखणं तिचं काम. त्याची कंपनी म्हणजे तो, त्याची थोरली बहीण आणि भाड्याची प्रयोगशाळा. जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल, हे तासाभरात सांगणारी कागदी पट्टी त्यांनी बनवली होती. एरवी या तपासणीला दोन दिवस लागत.

"दहापैकी दहा वेळा बरोबर?" तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "माझ्या मनात पाल चुकचुकतेय. नमुने कुठले?"

"एकाच दवाखान्यातले," तो थबकला. "तुम्ही... प्रयोगशाळेत या ना. स्वतःच बघा."

ती गेली. एकदा, दोनदा... चौथ्या खेपेला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं जिवाणूंना रंग का देतात, ते विचारलं. हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. त्यानं सूक्ष्मदर्शक तिच्याकडे सरकवला. जांभळे ठिपके, त्यांच्यावर पडलेला उजेड, आणि तिच्या हाताला टेकलेली त्याची बाही — कुणीच हात मागे घेतला नाही.

पलीकडे बहीण खाकरली.

"ताई, खोकला झालाय?"

"मला नाही बाबा. तुम्हा दोघांनाच काहीतरी झालंय."

शुक्रवारी त्याचा फोन आला. "तुमची पाल खरी निघाली. आणखी तीन दवाखान्यांतले नमुने आणून तपासले. दहापैकी सातच. जुना तक्ता तुमच्या गुंतवणूक समितीपुढे ठेवू नका."

"पैसे मिळायचे नाहीत, कळतंय ना?"

"कळतंय. पण उरलेल्या तिघांना चुकीचं औषध जाईल... ते मला नाही झेपणार."

तिनं फोन ठेवला आणि ती तडक वरिष्ठ मॅडमच्या खोलीत गेली. "ही फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

"का गं? माणूस खोटा निघाला?"

"नाही... फारच खरा निघाला."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे फर्मच्या आधी तूच गुंतलीस की!"

फाइल सहकाऱ्याकडे गेली. महिन्याभरानं फर्मनं कळवलं — आत्ता नाही. चूक शोधा, सहा महिन्यांनी परत या.

त्याच दुपारी ती प्रयोगशाळेत पोचली, रिकाम्या हातानं.

"आज काय तपासायचंय?" त्यानं विचारलं. चेहरा उतरलेला, पण डोळे तिला पाहून उजळलेले.

"काहीच नाही. तुझी फाइल मी केव्हाच सोडली."

"सोडली? का?"

"तुझ्याबाबतीत मला तटस्थ राहता येईना." अरे-तुरेवर कधी आलो, हे तिलाही कळलं नाही.

बहिणीनं गुपचूप पर्स उचलली. "मी जेवायला जाते. दोन तास तरी यायची नाही!"

दार लागलं. "मी... मला एक विचारायचं होतं," तो चाचरला. "किती दिवसांपासून..."

"आधी हातमोजे काढ," ती म्हणाली, आणि तो ते ओढून काढेपर्यंतही तिला धीर धरवला नाही.