उजव्या दारातला माणूस

"माझ्या भावाला उद्या कोर्टात गुन्हा कबूल करायचाय," पुष्पलताबाई म्हणाल्या. "त्याला थांबवा."

प्रतिक्षा भोयेने पेन खाली ठेवलं. जव्हारच्या बाजारपेठेतल्या एका खोलीत ती अपघातांच्या चौकशीची कामं घेई. सोबतीला रघुकाका, एसटीचे निवृत्त कंट्रोलर. कागद लावून ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. कागदातून अर्थ काढायची मात्र त्यांना कधी घाई नसे.

"गाडी तोच चालवत होता?"

"त्याला आठवतच नाही. म्हणतो, मीच असणार."

२००३ सालची ही गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी बाजाराच्या दिवशी जव्हारहून मोखाड्याला निघालेली हरेशची जीप वळणावर मोरीच्या कठड्याला धडकली. गोदी नावाच्या बाईचा पाय आणि जबडा मोडला. ती नाशिकच्या इस्पितळात होती आणि तिला अजून बोलता येत नव्हतं. मागून एसटीने येणाऱ्या हवालदाराने बाईंच्या भावाला, देवरामला, जीपच्या उजव्या दारातून उतरून रानात पळताना पाहिलं. थोड्या वेळाने तो आपणहून परत आला तेव्हा झिंगलेला होता. जीपवर रोजचा ड्रायव्हर तोच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा. त्याच्या रक्तात निघालं एकशे वीस.

"त्याच दिवशी एसटीच्या ड्रायव्हरांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. त्या आनंदात प्यायला," बाई म्हणाल्या. "हरेश म्हणतो, कबूल कर, दंड मी भरतो, सुटशील."

"दंडावर सुटेल का गं?" काकांनी विचारलं.

"कलम एकशे पंच्याऐंशी. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन कमीत कमी सहा महिने बंद. गोदीच्या दुखापतीचा गुन्हा वेगळा. आणि एसटीची नोकरी विसरायची."

पुष्पलताबाईंनी डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल पुढे केली. वास, तोल, डोळे, सगळं दारूचंच. इजा एवढ्याच: उजवं कोपर खरचटलेलं, दोन्ही मनगटांवर बारीक तिरके ओरखडे. छाती, पोट ठीक.

प्रतिक्षा आणि काका मोखाड्याला निघाले ती जीप खच्चून भरली होती. रघुकाकांना ड्रायव्हरने आपल्याही उजवीकडे, दाराशी कोंबलं. त्यांचा अर्धा देह खिडकीबाहेर. प्रतिक्षा ड्रायव्हरच्या डावीकडे, आणि प्रत्येक चढाला गिअरचा दांडा तिच्या गुडघ्यावर.

"कंट्रोलर होतो तेव्हा हे असलं चालू दिलं नसतं," काका दाराला लटकून म्हणाले.

पोलीस ठाण्याच्या आवारात हरेशची जीप उभी होती. समोरची काच शाबूत. स्टिअरिंगचं चाक मात्र पुढच्या बाजूला वाकलेलं.

देवराम घराच्या ओट्यावर बसला होता. हडकुळा, खाली मान घातलेला.

"हे ओरखडे कशाचे?"

"काचेचे असतील ताई."

"काच तर फुटलीच नाही."

त्याने मनगटं उलटसुलट करून पाहिली. "मग ठाऊक नाही. पण ताई, त्या गाडीत मी दुसरीकडे कुठे बसणार? ती जागा माझीच. गोदीमावशीचा पाय माझ्यामुळेच गेला." एवढं बोलून तो रडू लागला.

स्टँडसमोर रोहिदासची चहाची टपरी. हा हरेशचा मेहुणा आणि पोलिसांचा साक्षीदार.

"उजव्या दाराशी देवराम, मग हरेश, मग मी, मग गोदी," तो कपबशा विसळत म्हणाला. "पोलिसांनी विचारलं तेवढं सांगितलं."

"तुम्हाला लागलं का?"

"गुडघा पार हिरवा-निळा झाला. गिअरचा दांडा बसला ना!"

सूर्यमाळ गावची सुकी नावाची बाई स्टँडवरच भाजी घेऊन बसली होती. त्या दिवशी ती जीपमध्ये मागे होती.

"मांगं सोळा माणसं बाय. पुढचं काय दिसं?" ती म्हणाली. "माझे कोंबडीचे पायाची दोरी जव्हारलाच तुटली. देवराम पुढं दाराशी बसेल होता, त्याला बोलली, दोन्ही हातांनी धर. तवा मालक अजून चाय पीत होता."

"कोंबडी गेली?"

"नाय! गाडी आपटली तशी पळाली रानात. त्यानंच धरून आणली. पिऊन होता तरी!"

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"कोंबडीचं कोणी नाय विचारलं."

हरेश घरी खाटेवर लोडाला टेकून होता. बोलता बोलता खोकला आला की तळवा छातीवर दाबून धरी.

"थंडीचा खोकला," तो म्हणाला. "माझं लायसन मागच्या दारूच्या केसमध्ये कोर्टाने बंद केलंय, म्हणून तर देवरामला ठेवला. आता मी थेंबालाही शिवत नाही. विचारा कोणालाही."

"खरं वाटतं मला," प्रतिक्षा म्हणाली.

परतताना काका हळहळले. "सगळ्यांचं जमतंय गं. उजव्या दाराशी देवरामच होता."

"होता ना. आणि आज येताना उजव्या दाराशी कोण होतं, काका?"

काका कोपर चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे जमले. पुकारा व्हायचा होता.

"कोणीच फारसं खोटं बोललेलं नाही," प्रतिक्षा म्हणाली. "देवराम उजव्या दाराशी होता. हवालदाराला वाटलं, तिथे ड्रायव्हरच असतो. पण आपल्याकडच्या भरलेल्या जीपमध्ये तिथे पॅसेंजर बसतो. रोहिदास, गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या लगेच डावीकडे असतो. देवराम चालवत असता तर दांडा हरेशच्या गुडघ्याला लागला असता. तुमच्या गुडघ्याला लागला. म्हणजे तुमच्या उजवीकडचा माणूस चालवत होता."

रोहिदासने मान खाली घातली.

"चाक वाकलं ते कोणाची तरी छाती आदळून. देवरामची छाती साफ. हरेश, तुमचा खोकला थंडीचा नाही, बरगडीचा आहे. डॉक्टर फोटो काढून सांगतील."

"आणि ओरखडे?" काकांनी विचारलं.

"कोंबडीच्या नखांचे. दोन्ही हातांत तिला धरलेला माणूस गाडी कशी चालवेल? तो पळाला तो कोंबडीमागे. म्हणून तर परतही आला. पळून जाणारा परत येत नाही."

हरेश भिंतीला टेकला. "कोर्टाने बंद केलेल्या लायसनवर गाडी चालवली, हे कळलं असतं तर... वळणावर हात फिरवायला जागाच नव्हती ताई. पण मी थेंबही घेतला नव्हता!"

"म्हणूनच तुम्हाला सगळं आठवत होतं. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचा तुम्ही फायदा घेतलात." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ती देवरामकडे वळली. "दारूच्या परवान्याशिवाय प्यायलास, तो गुन्हा तुझा. विचारलं तर लपवू नकोस. पण पिऊन शेजारी बसणं म्हणजे पिऊन चालवणं नाही."

पुकारा झाला. न्यायाधीशांनी आरोप वाचला. "गुन्हा कबूल आहे?"

तीन आठवडे देवराम 'कबूल' हा एकच शब्द घोकत होता. तो अडखळला, बहिणीकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "माझ्या हातात कोंबडी होती."

कोर्टात हशा पिकला. पुष्पलताबाई मात्र पदराने डोळे पुसत होत्या.