पूजेला बसलेला लॅपटॉप

चिखलीच्या बसमध्ये मी ओढणीवर उघडा लॅपटॉप पालथा धरून बसले होते. शेजारचा तरुण हळूच म्हणाला, "मॅडम... नारळाचं पाणी ना?"

मी लॅपटॉप ओढणीत लपवला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बटणांत कुंकू दिसतंय. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. खंडेनवमीला अशी एक-दोन गिऱ्हाइकं येतातच."

मग मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. चाकणजवळच्या आमच्या शाळेत एका कंपनीनं सातवीच्या प्रत्येक मुलाला आणि शिक्षकाला लॅपटॉप दिला होता. मुख्याध्यापक कोंडाजी सर म्हणाले, अवजार आहे, पुजायलाच हवं. नारळ मी फोडला, आणि माझाच लॅपटॉप भिजला. परवा कंपनीची माणसं तपासायला येणार होती. एक जरी बंद निघाला, तर पाचवी-सहावीला मिळणारे रद्द!

"रडू नका हो," तो म्हणाला. "त्यात आणखी पाणी नको... मी रणजीत."

चिखलीत उतरून लॅपटॉप त्याच्याकडेच ठेवला. दसऱ्याच्या सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. तो स्क्रू कमी आणि मलाच जास्त बघत होता. "वाळतोय अजून," म्हणाला. "उद्या सकाळी लवकर या." ती रात्र कशी काढली, माझं मला ठाऊक. पाचवीतली पोरं रोज विचारायची, "बाई, आमचे कधी?"

सकाळी सातला स्क्रीन उजळली आणि माझा जीव भांड्यात पडला. रणजीत मात्र खाली बघत होता.

"एक सांगू? हा... काल तुम्ही यायच्या आधीच सुरू झाला होता."

"काय?"

"तुम्ही परत यावं म्हणून... नाही सांगितलं."

"माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तुम्ही—!" मला भयंकर राग आला. तरीही तो आवडत होता, याचा त्याहून जास्त आला. "आता तुम्ही घाबरा. तपासणी झाली की बोलते."

कंपनीचे साहेब माझ्यापाशी आले तेव्हा मी डोळे मिटूनच बटण दाबलं. पण सगळेच्या सगळे लॅपटॉप चालू निघाले.

चार वाजता चिखलीत उतरले. रणजीत दुकानाच्या दारातच उभा होता, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"पाचवी-सहावीलाही मिळणार."

"आणि... मला?"

साहेबांपुढेही मी एवढी घाबरले नव्हते. "रविवारी घरी या," कशीबशी म्हणाले, "आईला घेऊन."