पाठमोरा

चित्रकार नवरा गेला आणि त्याचं एकच चित्र बाईंच्या वाट्याला आलं. तेही कोणी घेतलं नाही म्हणून. फुलांची बाग. जवळून पाहिलं तर रंगांचे नुसते फटकारे. समोरच्या भिंतीला पाठ टेकून पाहिलं की त्यातूनच ताटवे उमलायचे, पायवाटेवर ऊन सांडायचं. बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या पगारावर घर चालायचं आणि नवरा दर उन्हाळ्यात ही बाग रंगवायला निघून जायचा. बाग एका परक्या बाईची होती. लोक कुजबुजायचे. बाईंनी कधी विचारलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मुलाने हौसेने चित्र जेवणाच्या खोलीत टांगलं, बाईंच्या खुर्चीच्या नेमकं समोर.

बागेच्या फाटकापाशी एक पांढरा ठिपका होता. काही दिवसांनी तो पायवाटेवर आला. बाईंनी चष्मा पुसला, मुलाला सांगितलं. उजेड बदलला की अशी चित्रं बदलतात, तीच तर गंमत, असं तो म्हणाला. पुढे ठिपक्याला खांदे आले, पदर आला, छत्री आली. जन्मभर गणित शिकवून आता हे कोणत्या तोंडाने बोलायचं?

एका दुपारी ताटं मांडता मांडता सून थांबली.

"आई, बाबांना बागकामाची आवड होती?"

"का गं?"

सुनेने नुसतं बोट दाखवलं. छत्रीवालीपाशी एक पाठमोरा माणूस वाकून रोपाला काठी बांधत होता. डावा खांदा उतरलेला. शेवटच्या आजारात तो खांदा बाईंनीच रोज चोळला होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांनी या घरातल्या कुंडीत कधी तांब्याभर पाणी ओतलं नाही."

सून बाहेर गेल्यावर त्यांनी नवऱ्याची रंगपेटी उघडली, हिरव्या रंगाची नळी पिळली आणि दोघांना पार लिंपून टाकलं. साबणाने बोटं धुऊन त्या पोटभर जेवल्या.

संध्याकाळी त्यांचं लक्ष गेलं.

हिरव्यात एक गोल जागा पुसलेली होती. वाफ धरलेली काच तळव्याने पुसावी तशी.

तिथे तो उभा होता. आता पाठमोरा नव्हता. चेहरा म्हणजे रंगाचा एक फटकारा, पण बाईंकडे वळलेला. जिवंतपणी त्याने त्यांच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

भोवतीचा रंग अजून ओला चकाकत होता. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

बोट कोरडं आलं. हिरवा रंग चित्राच्या आतल्या बाजूला होता.