उफेमीच्या वॉल्ट्झवरचं नाव

छपाईसाठी स्वरलिपीचा पत्रा उलटा कोरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या न्यू ऑर्लीन्समध्ये कोणी नव्हता. म्हणजे तिघं होते. पण त्यातले दोघे पिऊन पडलेले असायचे, आणि तिसरा मला शिकवून पस्तावलेला.

एका दुपारी प्रकाशक द्यूफोसांनी एक कोरलेला पत्रा माझ्यापुढे टाकला. उफेमी लान्दोनं रचलेला वॉल्ट्झ, पियानोवरची नाचाची धून. पोरगी पिवळ्या तापात गेली त्याला आठवडा झाला होता.

"तिचं नाव काढ. 'शेवालिए द मोंब्रेल, पॅरिस' घाल."

"हा कोण बुवा?"

"कोणी नाही. पण पॅरिस दिसल्याशिवाय आपल्या बायका पियानोचं झाकण तरी उघडतात का?"

"घालतो. मेलेली थोडीच भांडायला येणार!" मी खिदळलो. द्यूफोसाही खिदळले.

पत्रा पालथा घातला, मागून ठोकला, पुढून घासला. नाव गेलं, त्या जागी आरसा झाला. आरशात मी होतो... आणि माझ्या खांद्यामागून वाकून कोणीतरी बघत होतं. वळलो. कोणी नाही. फक्त व्हिनेगर आणि कापराचा वास, आजाऱ्याच्या खोलीत असतो तसा.

मोंब्रेल कोरला. छापला. कागदावर आलं : उफेमी लान्दो.

पुन्हा ठोकलं, पुन्हा कोरलं. पुन्हा उफेमी.

तिसऱ्यांदा मात्र मोंब्रेल आला. द्यूफोसा टाळ्या पिटत बाहेर गेले आणि दारातच थिजले. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. खरवडलेलं नाही, खोडलेलं नाही... नुसतं गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची ओळ कोरी निघाली. तिसऱ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "अहो... तुम्हाला मी काय म्हणायचे हो?" रविवारी ते रस्त्यात ज्याला त्याला विचारत होते, मी कोण, मी कोण. लोक टोपी काढून पुढे जात होते.

सोमवारी सकाळी माझ्या हातोडीच्या दांड्यावर कोरलेलं माझं नाव बोटाला लागेना.

धावत उफेमीच्या आईकडे गेलो. ती पोरीची पांढरी कॉलर इस्त्री करत होती. खोलीभर कापूर.

"मावशी, हात जोडतो. पत्रा मीच घासला. आजच्या आज तिचं नाव परत कोरतो... तिला थांबवा."

तिनं इस्त्री उचललीही नाही.

"थांबवते की. रोज येते ती. पण कोण येऊन गेलं म्हणून सांगू?"